अभिजात भाषा वाचणार कोण?

(जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन आहे. पुनरुक्ती थोडी कमी केली आहे. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका जुन्या स्नेह्यांचा फोन आला. म्हणाले, “प्राचीन इतिहासाचं भवितव्य म्हणजे काय हो? जे होऊन गेलंय त्याला भवितव्य कसलं?” मी हसले. पण फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की विद्यापीठात कुठला विषय ठेवायचा नि कुठला नाही, हे ठरवणारी मंडळीही बहुतेक असाच विचार करतात. फक्त ते विनोद म्हणून करत नाहीत.

सुरुवात एका आनंदाच्या दिवसापासून करते. ३ ऑक्टोबर २०२४. त्या दिवशी केंद्रीय मंत्रिमंडळानं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. मराठीबरोबर पाली, प्राकृत, असमिया आणि बंगाली यांनाही दिला. रंगनाथ पठारे समिती २०१२ साली नेमली गेली, २०१३ मध्ये तिचा अहवाल झाला आणि त्यानंतर दहा-अकरा वर्षं आपण वाट पाहिली. त्यामुळे आनंद झाला तो रास्तच होता. मलाही झाला.

आता जरा थंडपणे बघू. दर्जा मिळाला तो कशाच्या जोरावर? भाषा दीड-दोन हजार वर्षं जुनी आहे हे दाखवावं लागतं. ते आपण कशानं दाखवलं? नाणेघाटातल्या ब्राह्मी लेखानं. हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या ‘गाथासप्तशती’नं. महाराष्ट्री प्राकृतानं. म्हणजे आपल्या अभिमानाची कागदपत्रं प्राकृतात आहेत आणि त्यातली सगळ्यात जुनी ब्राह्मी लिपीत आहेत. तर माझा आजचा प्रश्न एवढाच आहे, की ही कागदपत्रं मुळातून वाचू शकणारी माणसं आज महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत किती आहेत? आणि आज जी आहेत ती निवृत्त झाली की त्यांच्या जागी कोण येणार आहे?

आकडा मी सांगणार नाही. तुम्हीच आपापल्या जवळच्या विद्यापीठात जाऊन विचारा. शिलालेख शिकवणारं कायम पद आहे का? प्राकृतचं आहे का? असेल तर भरलेलं आहे का? उत्तर मिळायला फार वेळ लागणार नाही.

हे फक्त आपल्याकडेच चाललंय असं नाही. पाश्चात्त्य देशांत ‘क्लासिक्स’ म्हणजे ग्रीक, लॅटिन आणि त्या जगाचा इतिहास. तिथेही पडझड सुरू आहे. अमेरिकेतल्या हॉवर्ड विद्यापीठानं २०२१ साली आपला क्लासिक्स विभाग बंद करायचा निर्णय घेतला. हे कृष्णवर्णीयांचं ऐतिहासिक विद्यापीठ. टोनी मॉरिसन तिथे शिकल्या. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये शेफील्ड विद्यापीठानं पुरातत्त्व विभाग गुंडाळायचं ठरवलं. जानेवारी २०२५ मध्ये कार्डिफ विद्यापीठानं ४०० पदं कमी करायचा प्रस्ताव आणला, आणि बंद करायच्या विषयांच्या यादीत प्राचीन इतिहास होता.

पण एक फरक नीट लक्षात घ्या. तिकडे निर्णय होतो, तो जाहीर होतो. मग आरडाओरडा होतो, सह्यांची निवेदनं निघतात, वर्तमानपत्रात लेख येतात. विभाग वाचतो किंवा नाही वाचत, पण तो मेला हे लोकांना कळतं तरी. आपल्याकडे विभाग बंद होत नाही. आपल्याकडे प्राध्यापक निवृत्त होतात.

म्हणजे काय होतं ते सांगते, कारण हे मी आतून पाहिलंय. निवृत्तीच्या दिवशी शाल, श्रीफळ, दोन भाषणं. दुसऱ्या दिवसापासून पद रिक्त. भरायला मान्यता लागते. मान्यतेसाठी वर्कलोड दाखवावा लागतो. वर्कलोडसाठी विद्यार्थी लागतात. आणि शिकवायलाच कोणी नाही म्हटल्यावर विद्यार्थी येणार कुठून? मग एक-दोन वर्षं तासिका तत्त्वावर कोणीतरी येतं. सीएचबीवरचा तो मुलगा तीन कॉलेजं करून पोट भरतो. ब्राह्मीचा सराव त्यानं कधी करायचा? पुढच्या वर्षी तोही येत नाही. अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत पेपरचं नाव मात्र राहतं, ‘ऐच्छिक’ म्हणून. कोणी विचारलं तर उत्तर तयार असतं: “विषय बंद कुठे केलाय? विद्यार्थीच घेत नाहीत.” माझा स्वतःचा पेपर असाच गेला. विद्यापीठाचं नाव घेत नाही, कारण ही कोण्या एका विद्यापीठाची गोष्ट नाही.

बरं, गेला पेपर. काय बिघडलं? हा प्रश्न टाळून चालणार नाही. वारसा, संस्कृती, अस्मिता असे मोठे शब्द वापरून त्याचं उत्तर देऊ नये, असं मला वाटतं. त्या शब्दांनी टाळ्या मिळतात, पद मिळत नाही. उत्तर वाचण्याच्या प्रत्यक्ष कामातून द्यायला हवं. म्हणून तुम्हाला थोडा वेळ नाणेघाटात नेते.

जुन्नरच्या बाजूनं आलात तर घाटाच्या तोंडाशी तो मोठा दगडी रांजण दिसतो. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी तिथे उभं राहायला जागा नसते. पलीकडे खाली कोकण. घाट उतरायला लागलं की कातळात खोदलेली गुहा आहे आणि तिच्या भिंतींवर लेख आहेत. १८२८ साली कर्नल साइक्सनं त्यांची नोंद केली. पुढे भगवानलाल इंद्रजी, ब्यूलर अशा विद्वानांनी ते वाचले. लेख सातवाहनांचा, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला. त्यात यज्ञांची यादी आहे, त्या यज्ञांत दिलेल्या दक्षिणेची यादी आहे. गाई, घोडे, हत्ती, कार्षापण. आणि त्यांचे आकडे आहेत. आज आपण जे आकडे लिहितो त्यांचे फार जुने पूर्वज त्या भिंतीवर आहेत. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. पुतळे गेले, वर कोरलेली नावं राहिली.

हा लेख नागनिका राणीचा, असं आपण सहज म्हणून जातो. पण लेखाचा बराच भाग झिजलेला, फुटलेला आहे. राणीची ओळख पटवायला पुतळ्यावरच्या नावाचा आधार घ्यावा लागतो. यज्ञ तिनं केले की तिच्या नवऱ्यानं? नवऱ्याच्या मागे, मुलगा लहान असताना, तिनं राज्य चालवलं का? हे सगळं त्या फुटक्या जागांत काय होतं असं तुम्ही मानता, यावर ठरतं. एक अक्षर असं लावलं तर ती राज्यकर्ती होते, तसं लावलं तर यज्ञात शेजारी बसलेली पत्नी होते. विद्वानांनी दोन्ही बाजूंनी लिहिलंय. आता उद्या कोणी व्याख्यानात ठासून सांगितलं, की नागनिका ही अमुक होती, तर त्यांना “हे कुठल्या ओळीवरून म्हणता?” असं विचारणारं कोणीतरी समाजात असायला हवं की नको? विषय गेला की सगळ्यात आधी हा प्रश्न विचारणारा माणूस जातो. भिंतीवरचा लेख तिथेच राहतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांना घेऊन मी तिथे गेले होते. त्यांत एक मुलगा जुन्नरकडचाच. लहानपणापासून शंभरदा त्या गुहेत बसलेला. पावसात आडोशाला बसायचो म्हणाला. वर्गात सहा महिने ब्राह्मी शिकला होता. त्यानं भिंतीवर बोट न टेकवता, हवेतच बोट फिरवत अक्षरं लावली. ‘न’, ‘मो’. नमो. पुढे ‘इदस’, म्हणजे इंद्राला. आणि मोठ्यानं ओरडला, “मॅडम, हे तर मराठीच आहे की!”

त्याचा आनंद मला आजही आठवतो. पण शिक्षक म्हणून माझं काम त्यानंतर सुरू झालं. मी म्हटलं, थांब. हे मराठी नाही, प्राकृत आहे. मात्र तुझ्या कानाला जे ऐकू आलं तेही खोटं नाही. ‘रामास’, ‘देवास’ यातला आपला ‘स’ प्राकृतातल्या षष्ठीच्या प्रत्ययातून आला, असं भाषेचे अभ्यासक मानतात. ज्यूल ब्लॉक नावाच्या फ्रेंच पंडितानं मराठीच्या घडणीवर लिहिलेला ग्रंथ १९२० साली पॅरिसमध्ये छापला गेला; त्यात असल्या गोष्टींचा कीस काढलेला आहे. तेव्हा जवळ किती आणि लांब किती, हे दोन्ही मोजायला शिकायचं. ‘हे मराठीच आहे’ म्हणून मिठी मारायची नाही आणि ‘याचा आपल्याशी काय संबंध’ म्हणून झटकायचंही नाही. हे मोजमाप अभिमानानं येत नाही, ते सरावानं येतं. आणि सराव करून घ्यायला कोणीतरी समोर बसावं लागतं.

दुसरं उदाहरण सगळ्यांच्या ओळखीचं. महाभारत. पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था १९१७ साली निघाली. १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम सुरू झालं आणि १९६६ साली पुरं झालं. सत्तेचाळीस वर्षं. विष्णु सीताराम सुकथनकर १९२५ पासून त्याचे प्रमुख संपादक होते. केंब्रिजला गणित शिकून मग बर्लिनला संस्कृताकडे वळलेला माणूस. ते १९४३ साली गेले, काम थांबलं नाही. देशभरातली बाराशेहून जास्त हस्तलिखितं ताडून पाहिली गेली.

आणि त्यातून काय निघालं? व्यासांनी सांगितलं नि गणपतीनं लिहून घेतलं, ही आपण सगळ्यांनी आजीकडून ऐकलेली गोष्ट मूळ संहितेतून काढून परिशिष्टात गेली. द्यूतसभेत द्रौपदी कृष्णाचा धावा करते, तो प्रसंगही संहितेत राहिला नाही. विचार करा, केवढी धाडसाची गोष्ट आहे ही. पण ती कोणाला खिजवायला केलेली नव्हती. सगळ्या जुन्या, स्वतंत्र परंपरांच्या पोथ्यांत हे येत नाही, म्हणून ते नंतरचं. आणि ज्याला तपासायचं असेल त्याच्यासाठी प्रत्येक पोथीतला पाठ खाली टीपेत छापलेला. श्रद्धा ज्याची त्याच्यापाशी राहिली, संहिता पुराव्यापाशी राहिली. आज कुठल्याही ऐतिहासिक प्रश्नावर आपल्याकडे चर्चा कशी होते ते आठवा, आणि मग सांगा, की ही शिस्त जुनाट आहे का.

आता माझा मुख्य मुद्दा. ही विद्या पुस्तकात साठवून ठेवता येत नाही. पुस्तकं असतात, पण ती वाचायची रीत हाताखाली बसून शिकावी लागते. घरात विरजण असतं ना, तसं आहे हे. रोज थोडंसं बाजूला काढून ठेवलं तर वर्षानुवर्षं दही लागतं. फार लागत नाही, चमचाभर पुरतं. पण एका रात्री ठेवायचं विसरलात, तर सकाळी घरात दहा लिटर दूध असून उपयोग नाही. शेजारी मागायला जावं लागतं. आणि शेजाऱ्यांकडेही नसलं तर?

आपल्याकडे दूध भरपूर आहे. पोथ्या आहेत, लेणी आहेत, ताम्रपट आहेत. आता अभिजात दर्जाही आहे, रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ आहे, रामटेकला १९९७ पासून संस्कृत विद्यापीठ आहे. मी विरजणाबद्दल बोलतेय.

यावर कोणी म्हणेल, एवढं घाबरायला काय झालं? बंद पडलेल्या गोष्टी पुन्हा सुरू होतात. खरं आहे, आणि त्याचं उत्तम उदाहरण पुण्यातच आहे. पेशवाईतल्या दक्षिणेच्या पैशातून १८२१ साली विश्रामबागवाड्यात पाठशाळा निघाली. तिचंच पुढे डेक्कन कॉलेज झालं. ते कॉलेज १९३४ साली सरकारनं बंद केलं. माजी विद्यार्थी गप्प बसले नाहीत, कोर्टात गेले. आणि १९३९ साली ते संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडलं. तिथे सुमित्र मंगेश कात्रे आले, इरावती कर्वे आल्या, हसमुख सांकलिया आले. सांकलियांनी नेवासे, जोर्वे असं खोदत जाऊन या प्रदेशाचा प्रागैतिहासिक काळ उलगडला. कात्र्यांनी १९४८ मध्ये संस्कृतचा महाकोश हाती घेतला.

पण हे का जमलं? इमारत पाच वर्षं बंद होती, माणसं शिल्लक होती. लंडनला, जर्मनीत, मुंबईत, इतरत्र तयार झालेली माणसं बोलावता आली. आज एखादा विभाग वीस वर्षं रिकामा ठेवून एकविसाव्या वर्षी सरकारला उपरती झाली, जाहिरात निघाली, तर अर्ज कोण करणार? त्या महाकोशाचंच बघा. पहिला खंड १९७६ साली सुरू झाला आणि इतक्या वर्षांनीही गाडी ‘अ’च्या टापूतच आहे. लोक हसतात. मला हसू येत नाही. या कामाला पिढ्या लागतात हे आधीपासून माहीत होतं. पिढ्या मिळतील असं गृहीत धरलं होतं, तेवढंच चुकलं.

इथपर्यंत मी सरकारवर, व्यवस्थेवर बोलले. ते सोपं असतं. आता थोडं आमच्याबद्दल.

पहिली चूक अशी, की आम्ही विषयाचे तुकडे केले. संस्कृतच्या विभागात काव्य नि व्याकरण. तिथला विद्यार्थी एम.ए. होतो पण एकही ताम्रपट बघत नाही. प्राचीन इतिहासाच्या विभागात तारखा नि घराणी. तिथला विद्यार्थी सातवाहनांवर वीस मार्कांचं उत्तर लिहितो, त्यांच्या लेखातली एक ओळ मुळातून लावू शकत नाही. आणि मराठीचा विद्यार्थी? तो ‘लीळाचरित्रा’पासून सुरुवात करतो. त्याच्या आधीचं जणू अंधारातच. वा. वि. मिराशींसारखा माणूस संस्कृतचाही होता, इतिहासाचाही होता. कलचुरी, वाकाटक, शिलाहार यांच्या लेखांचे संग्रह त्यांनी संपादित केले. शं. गो. तुळपुळे मराठीचे प्राध्यापक, त्यांनी प्राचीन मराठी कोरीव लेख वाचून १९६३ साली ग्रंथ केला. पुढे अ‍ॅन फेल्डहाउस यांच्याबरोबर जुन्या मराठीचा शब्दकोशही केला. अक्षीच्या शिलालेखावरचा शक ९३४ वाचायचा की नाही, म्हणजे तो लेख १०१२ सालचा की बराच नंतरचा, यावर वाद झाले. ते वाद घालता आले, कारण आकडे वाचू शकणारी माणसं दोन्ही बाजूंना होती. आज आमच्या विभागांमधल्या भिंती इतक्या पक्क्या आहेत, की असा माणूस तयार झाला तरी त्याची नेमणूक कुठल्या विभागात करायची हाच प्रश्न पडेल.

दुसरी चूक मोठी आहे. ती चूक म्हणणंही कमी आहे. ही विद्या आपण फार काळ दाराआड ठेवली. बाबासाहेब आंबेडकरांना शाळेत संस्कृत नाकारलं गेलं आणि पर्शियन घ्यावं लागलं, हे आपल्याला माहीत आहे. हे अपवादानं घडलेलं नव्हतं. शतकानुशतकं ज्यांना दारात उभं केलं नाही, त्यांनी आज तुमच्या विभागासाठी रस्त्यावर उतरावं ही अपेक्षा कुठल्या तोंडानं करायची? विषय अडचणीत आला तेव्हा त्याच्या मागे समाज उभा राहिला नाही, याचं एक कारण आम्हीच आहोत.

याच्या उलट पालीची गोष्ट बघा. गोव्यातले धर्मानंद कोसंबी घर सोडून नेपाळ, सिलोन फिरले, पाली शिकले. कलकत्त्यातली चांगल्या पगाराची नोकरी सोडून बडोद्याच्या सयाजीरावांनी देऊ केलेल्या दरमहा ५० रुपयांवर महाराष्ट्रात आले, कारण ही विद्या मराठी माणसांपर्यंत जावी असं त्यांना वाटत होतं. फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी पाली शिकवलं. पुढे बाबासाहेबांनी स्वतः पालीचं व्याकरण आणि कोश यांवर काम केलं, आणि १९५६ नंतर लाखो माणसांच्या घरात पाली शब्द रोज उच्चारले जाऊ लागले. आज पालीच्या वर्गात जाऊन बघा. निवृत्त पोस्टमन भेटतील, नर्स भेटतील, बँकेतून सुटून थेट आलेल्या बाई भेटतील. नोकरी मिळेल म्हणून ते येत नाहीत. जे तोंडपाठ आहे ते आता समजून घ्यायचंय म्हणून येतात. कोणाची तरी ती गरज आहे, म्हणून तिथे वर्ग भरतो. अडचणी तिथेही आहेत, पदं तिथेही रिकामी आहेत. पण विद्यार्थी नाहीत असं कोणाला म्हणता येत नाही. आमच्या बाकीच्या विभागांनी या वर्गाकडून शिकायला हवं. आम्ही अजून त्यांना शिकवायच्याच पवित्र्यात असतो.

आता दोन-तीन आक्षेप घेते नि संपवते.

पहिला आक्षेप: विद्यापीठ कशाला हवं? हौशी माणसं आहेत, दुर्गभटके आहेत, यूट्यूबवर ब्राह्मीचे, मोडीचे वर्ग आहेत. मी या लोकांची ऋणी आहे. महाराष्ट्रात इतिहासाचं निम्मं काम विद्यापीठाबाहेर झालंय. राजवाडे कुठे प्राध्यापक होते? गावोगाव फिरून त्यांनी साधनांचे बावीस खंड काढले, महानुभावांच्या सांकेतिक लिपीचं कोडं सोडवलं. पण त्याच राजवाड्यांच्या कितीतरी व्युत्पत्त्या पुढे टिकल्या नाहीत. टिकल्या नाहीत हे आपल्याला कसं कळलं? कोणीतरी शिस्तीनं बसून तपासल्या म्हणून. हौस शोध लावते, तपासायला मात्र पगारी, वेळ असलेला, चूक दाखवली म्हणून नोकरी न जाणारा माणूस लागतो. कायम पद म्हणतात ते त्यासाठी असतं.

दुसरा आक्षेप: आता यंत्र वाचेल. छान. वेसुव्हियसच्या उद्रेकात इसवी सन ७९ मध्ये जळून कोळसा झालेल्या हर्क्युलेनियमच्या गुंडाळ्या आहेत. २०२३ मध्ये एका विद्यार्थ्यानं संगणकाच्या मदतीनं, गुंडाळी न उघडता, त्यातला एक ग्रीक शब्द दिसता केला. विलक्षण गोष्ट. पण तो शब्दच आहे, त्याचा अर्थ ‘जांभळा’ होतो, हे सांगायला ग्रीक नि पॅपिरस जाणणारी माणसंच बोलवावी लागली. यंत्रानं दूध वाढवलं. विरजणाची गरज उलट वाढली.

तिसरा आक्षेप ऐकला की मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. लोक म्हणतात, आता नव्या शैक्षणिक धोरणात भारतीय ज्ञान प्रणाली आलीच आहे की! आली आहे, दोन क्रेडिटची. शिकवतं कोण? माझ्या पाहण्यात तरी ज्याचा वर्कलोड कमी पडतोय तो. तो प्रामाणिक असतो, पण त्याच्या हातात भाषांतराचं भाषांतर असतं. आर्यभटाबद्दल, चरकाबद्दल काय छापील आलंय ते तो सांगतो. मूळ ग्रंथात ते आहे का, हे बघायचं साधन त्याच्यापाशी नाही. म्हणजे प्राचीन ज्ञानाचा जयघोष सक्तीचा आणि ते ज्ञान वाचायची भाषा ऐच्छिक. हा उलटा कारभार आहे. याला पुनरुज्जीवन म्हणू नका.

मग करायचं काय? मी हजार विद्यार्थी मागत नाही. तसं मागणं खोटंही होईल. या विषयात नोकऱ्या कमी आहेत आणि मी कोणाच्याही मुलाला वेगळं आश्वासन देणार नाही. मागणी लहान आहे. राज्यात मोजकेच विभाग ठरवा, पण तिथलं शिलालेखांचं, प्राकृतचं, पालीचं पद विद्यार्थीसंख्येच्या गणितातून बाहेर काढा. निवृत्तीच्या आधी दोन वर्षं पुढचा माणूस नेमा, म्हणजे दोघं शेजारी बसून काम करतील. मराठीच्या एम.ए.ला प्राकृत वाचनाचा एक पेपर ठेवा; अभिजात दर्जाचा पहिला खर्च तिथे व्हावा. इतिहासाच्या विद्यार्थ्याला एक तरी लेख मुळातून लावल्याशिवाय पदवी देऊ नका. आणि आम्ही दारं उघडी ठेवायची. संध्याकाळचे वर्ग, मराठीतून शिकवणं, वयाची अट नाही.

एवढं केलं तर पुढची पन्नास वर्षं निघतील. एका पुलाच्या खर्चाशीही तुलना होणार नाही इतकं हे स्वस्त आहे. फळा, खडू, लेखांचे ठसे आणि एक माणूस.

तो जुन्नरचा मुलगा पुढे या क्षेत्रात राहिला नाही. त्याला नोकरी हवी होती, ती दुसरीकडे मिळाली. मला त्याचं वाईट वाटत नाही. तो अजून पावसाळ्यात घाटावर जातो, आलेल्या पोरांना दोन ओळी वाचून दाखवतो. मागे फोन केला होता. एका पोरानं विचारलं म्हणे, “काका, हे शिकायचं कुठे?”

त्यानं मला विचारलं, “मॅडम, काय सांगू?”

मी त्याला उत्तर देऊ शकले नाही. म्हणून ते तुमच्यासमोर ठेवते.